वहिनींची तबकडी

"आत्या, आता डीव्हीडी कोण बघतं?"

हा प्रश्न मला निदान दहा जणांनी विचारला असेल. पुतण्याने विचारला, शेजारच्या कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलाने विचारला, आणि कोऱ्या डिस्क मागायला गेले तर दुकानदारानेही विचारला. त्याने काउंटरखालून एक डबा काढला, वरची धूळ फुंकली आणि म्हणाला, "मावशी, सगळाच डबा घेऊन जा, स्वस्तात देतो." प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच काढावं म्हटलं. पस्तीस वर्षं शाळेत शिकवण्यात गेली, त्यामुळे मधूनमधून फळ्यापुढे उभं राहून सांगितल्यासारखं होईल. तेवढं चालवून घ्या.

तर मूळ गोष्ट अशी. माझे दादा २०२२ साली गेले. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी आता वहिनी, धाकटा पुतण्या, सून आणि नातवंडं असतात. २०१९ च्या गणपतीत आम्ही सगळे तिथे जमलो होतो, मुंबई-डोंबिवलीची मंडळी, मी कोल्हापूरहून, अगदी सगळे. पुढच्या वर्षी करोना आला, कुणालाच जाता आलं नाही, आणि नंतर दादांची तब्येत ढासळली. म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेला तो शेवटचा गणपती ठरला. तेव्हा हे अर्थातच कुणाला माहीत नव्हतं. मुलांनी आपली मजा म्हणून फोनवर व्हिडिओ काढले होते. दादा आरती म्हणताहेत, दादा गणपतीवर बांधायची फळं आणि पानं निवडताहेत, विहीर कशी खणली ते नातवाला सांगताहेत. असे सगळ्यांच्या फोनमधले मिळून एक्केचाळीस तुकडे.

२०२४ च्या मे महिन्यात मी गावी गेले होते. दुपारची वेळ. वहिनी ओटीवर बसल्या होत्या. वहिनींचं वय तेव्हा एक्क्याऐंशी. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. दादांचे व्हिडिओ बघायचे तर सुनेच्या फोनवर बघायचे. बोलता बोलता त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "वन्सं, सून कधी नाही म्हणत नाही हो. पण रोज उठून काय म्हणून मागायचा फोन? आणि बघताना डोळ्यांत पाणी आलं, की ती बिचारी घाबरते. फोन काढून घेते. 'आई, नका बघू' म्हणते."

सुनेचं काहीच चुकत नव्हतं. तिच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं. पण वहिनींचंही मला कळलं. साठ वर्षं संसार केलेल्या माणसाचा चेहरा बघायला परवानगी लागावी, आणि बघताना रडायची चोरी व्हावी, हे काही बरं नाही. शिवाय फोन तो फोन. दादांची आरती रंगात आली की वरून कुणाचा तरी 'शुभ दुपार'चा निरोप येऊन नेमका त्यांच्या कपाळावर पडायचा. मध्येच सुनेला माहेरून फोन यायचा.

ओटीच्या आतल्या खोलीत एकवीस इंची जुना, मागे पोट असलेला टीव्ही आहे. त्याच्याखाली दादांनी हौसेने घेतलेला डीव्हीडी प्लेअर. दोन्ही चालू. कीर्तनाच्या आणि नाटकांच्या डिस्क वहिनी स्वतः लावतात. बटण दाबायचं, जीभ बाहेर येते, तबकडी ठेवायची, जीभ आत ढकलायची. हे त्यांना येतं. मनात म्हटलं, जे यंत्र त्यांना येतं त्यात दादा घालून द्यायचे.

आणि इथून माझी शिकवणी सुरू झाली.

पहिला प्रयत्न सोपा वाटला. त्या प्लेअरला पुढे पेन ड्राइव्ह लावायची जागा होती. पेन ड्राइव्हवर फाइली घातल्या आणि लावला. पडद्यावर फाइलींची नावं दिसली, पण एकही चालेना. मग कोल्हापूरला परत आल्यावर यूएसबीला जोडायचा डीव्हीडी रायटर मागवला, कारण हल्लीच्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नसते. कोरी डिस्क घातली. विंडोजने विचारलं, ही डिस्क कशासाठी वापरणार? पेन ड्राइव्हसारखी, की सीडी-डीव्हीडी प्लेअरमध्ये लावायला? मी आनंदाने दुसरा पर्याय निवडला. दादांच्या बारा फाइली ओढून टाकल्या, डिस्क तयार झाली. शेजाऱ्यांच्या माळ्यावरचा जुना प्लेअर उतरवून त्यात लावली. पडद्यावर इंग्रजीत आलं, अनोळखी डिस्क.

इथे बहुतेक लोक फसतात, म्हणून जरा थांबून सांगते. विंडोजचा तो पर्याय फक्त डिस्क कशा पद्धतीने लिहायची एवढंच ठरवतो. फाइलीत तो काडीचाही बदल करत नाही. म्हणजे डिस्क डीव्हीडी आहे, पण तिच्यावर जे आहे ते 'डीव्हीडी' नाही. वही मराठीची आहे म्हणून आत लिहिलेली कानडी काही मराठी होत नाही, तसंच.

प्लेअरला एकच भाषा येते. डीव्हीडीचे नियम १९९० च्या दशकाच्या मध्यावर ठरले आणि पहिले प्लेअर जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ मध्ये विकायला आले. त्या नियमांत चित्राची भाषा ठरली एमपेग-२. आपल्याकडच्या पाल पद्धतीसाठी चित्राचं माप ७२० गुणिले ५७६ ठिपके, सेकंदाला २५ चित्रं. आवाजाचेही ठरावीक प्रकार. आपले फोन मात्र बहुतेक एच.२६४ नावाच्या पद्धतीने चित्र साठवतात, आणि ती पद्धत आली २००३ साली. आवाजाची फोनची पद्धतही डीव्हीडीच्या नियमांत बसत नाही. बिचाऱ्या प्लेअरला ते वाचता येईल कसं? म्हणून फाइल नुसती उतरवून चालत नाही, तिचं भाषांतर करावं लागतं. त्यानंतर ते भाषांतर ठरलेल्या नावाच्या फोल्डरमध्ये, ठरलेल्या क्रमाने मांडावं लागतं. त्या फोल्डरचं नाव व्हिडिओ_टीएस. कुठल्याही डीव्हीडीत उघडून बघा, दिसेल. त्यात चित्र आणि आवाजाच्या मोठ्या फाइली असतात, एक जीबीपेक्षा मोठी एकही नाही. बरोबर छोट्या फाइली असतात त्या अनुक्रमणिकेच्या, कुठला भाग कुठे सुरू होतो ते सांगणाऱ्या. त्या अनुक्रमणिकेची आणखी एक प्रतही असते, ओरखडा पडून पहिली वाचता आली नाही तर उपयोगी पडावी म्हणून. ज्यांनी हे ठरवलं ते माझ्यासारखे शिक्षकी स्वभावाचे असावेत.

मी मराठी माध्यमातली, मराठी घेऊन बी.ए. झालेली. कॉम्प्युटर निवृत्तीनंतर शिकले. त्यामुळे या प्रोग्रॅममधल्या प्रत्येक शब्दाशी झटापट करावी लागली. एक दोनशे पानी वही केली. डाव्या बाजूला शब्द, उजवीकडे अर्थ. एन्कोड म्हणजे भाषांतर करणे. बिटरेट म्हणजे दर सेकंदाला किती माहिती खर्च करायची ते. आस्पेक्ट रेशो म्हणजे चित्राची लांबी-रुंदी. आणि 'बर्न'. या शब्दापाशी मी जरा थांबले. वर ओळीने दादांच्या फाइली आणि खाली बटणावर 'बर्न'. लेझरच्या उष्णतेने डिस्कवरच्या रंगाच्या थरात खुणा उमटतात, म्हणून तो शब्द, असं नंतर कळलं. वहीत मी अर्थ लिहिला, 'कोरणे'.

प्रोग्रॅम वापरला तो डीव्हीडीस्टायलर नावाचा. फुकट मिळतो. पूर्वी विंडोज व्हिस्टा आणि सेव्हनमध्ये डीव्हीडी मेकर नावाचा प्रोग्रॅम आयताच यायचा, विंडोज एटपासून तो काढून टाकला. हँडब्रेक नावाचा आणखी एक फुकट प्रोग्रॅम पुष्कळ जण सुचवतात. तो चांगलाच आहे, पण त्याने डीव्हीडी बनत नाही. त्याचा उपयोग मला वेगळ्याच ठिकाणी झाला. पहिल्या खेपेला आरती सुरू झाल्यावर दोन मिनिटांनी दादांचे ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे व्हायला लागला. टाळ हातात अजून वर आहे आणि आवाज आधीच आला. कारण असं, की फोन दर सेकंदाला नेमकी तेवढीच चित्रं घेत नाही. उजेड कमी झाला की कमी घेतो, पुन्हा वाढवतो. डीव्हीडीला मात्र बरोब्बर पंचवीस लागतात. मग आधी हँडब्रेकमधून सगळ्या फाइली सेकंदाला ठाम पंचवीस चित्रं अशा करून घेतल्या आणि मग त्या डीव्हीडीस्टायलरला दिल्या. टाळ आणि आवाज जुळले.

पुढचा प्रश्न जागेचा. एक्केचाळीस तुकडे मिळून तीन तास दहा मिनिटं भरत होती. पुतण्या म्हणाला, "आत्या, एकाच डिस्कवर बसव, प्रोग्रॅम आपोआप दाबून बसवतो." बसवतो खरा. पण गणित करून बघा. डिस्कवर जागा ४.७ जीबी. आठाने गुणलं की ३७.६ गिगाबिट. तीन तास दहा मिनिटांचे सेकंद होतात ११,४००. भागाकार केला तर दर सेकंदाच्या वाट्याला जेमतेम ३.३ मेगाबिट येतात. दोन डिस्क केल्या तर ६.६. डीव्हीडीला चित्रासाठी जास्तीत जास्त ९.८ पर्यंत मुभा आहे. सव्वातीन म्हणजे अर्धपोटी ठेवण्यासारखं.

त्याचा परिणाम कुठे दिसला, तर पावसात. एमपेगची युक्ती अशी आहे की दर बारा-पंधरा चित्रांमागे एक चित्र पूर्ण साठवायचं आणि मधल्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच लिहायचं. माणूस बसून बोलतोय, मागे भिंत आहे, तर भिंत पुन्हा पुन्हा लिहावी लागत नाही. पण कोकणातला गणपती, म्हणजे बाहेर पाऊस. पागोळ्या गळताहेत, माडाची झावळी हलतेय, पडद्यावरचा प्रत्येक ठिपका दर क्षणाला वेगळा. तिथे ३.३ मेगाबिट पुरत नाहीत, आणि सगळ्या चित्राचे चौकोनी ठोकळे होतात. विहिरीजवळचा जो तुकडा आहे त्यात दादांचा चेहराच ठोकळ्यांत गेला. मी दोन डिस्क केल्या. दुसऱ्या डिस्कची किंमत एका चहाइतकी, तिच्यासाठी चेहरा का घालवायचा?

पुतण्याचा आक्षेप इथे प्रामाणिकपणे नोंदवते. तो म्हणतो, डीव्हीडी करणं म्हणजे चांगल्या चित्राचं वाटोळं करणं. त्याचं गणित बरोबर आहे. फोनच्या चित्रात १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. डीव्हीडीत ४,१४,७२०. बरोब्बर पाचवा भाग! पाचातले चार ठिपके आपण टाकून देतो. मराठीच्या पेपरात सारांशलेखनाचा प्रश्न असायचा, उताऱ्याचा एक तृतीयांश करा म्हणून. इथे एक पंचमांश. पण एकवीस इंची जुन्या टीव्हीवर, पाच फुटांवरून, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना टाकलेले चार ठिपके दिसणारच नव्हते. सारांश कुणासाठी करतोय हे आधी बघावं.

पुतण्याने दुसरा उपाय सुचवला होता तो स्मार्ट टीव्हीचा. "मी घेऊन देतो, व्हिडिओ यूट्यूबवर फक्त घरच्यांना दिसतील असे ठेवतो, काकूने बोलून सांगितलं की लागतील." त्याच्या मनात प्रेमच आहे, आणि खर्च करायचीही तयारी आहे. ज्यांना ते जमतं त्यांनी खुशाल तसंच करावं. आमच्या गावी फोनची रेंज अंगणातल्या तुळशीपाशी येते आणि ओटीवर जाते. पण समजा उद्या रेंज आली, तरी माझा मुद्दा शिल्लक राहतोच. स्मार्ट टीव्ही एका रात्रीत आपलं रूप बदलतो. काल जिथे चौकट होती तिथे आज जाहिरात असते. कधी पासवर्ड मागतो. अशा वेळी वहिनींना पुन्हा कुणाला तरी हाक मारावीच लागणार. म्हणजे फोन मागण्याऐवजी माणूस मागायचा. मागणं काही सुटलं नाही.

म्हातारपणी काय जातं असं मला कुणी विचारलं, तर मी दात आणि गुडघे सांगणार नाही. न मागता गोष्टी करता येणं जातं. आधी पिशवी उचलायला कुणी लागतं, मग बँकेत जायला, मग फोन लावून द्यायला. घरचे चांगले असले तरी दर वेळी हाक मारायच्या आधी मनात एक हिशेब होतो, आता मारू का, ती कामात असेल का, सकाळी एकदा मागितलंय. हा हिशेब तरुण माणसांना दिसत नाही. तंत्रज्ञान नवं का जुनं यावर वाद घालणारे फार आहेत. समोरच्या माणसाला ते एकट्याने, दुपारी तीन वाजता, घरात कुणी जागं नसताना वापरता येईल का, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा.

हे एकदा ठरलं आणि डिस्कची रचनाही बदलली. आधी मी मोठ्या हौसेने सुरुवातीची यादी केली होती, तिला मेनू म्हणतात. फळ्यावर खडूने वळणदार अक्षरात 'आरती', 'विहीर', 'जेवणाची पंगत' असं लिहून त्याचा फोटो मागे लावला होता. माझ्या अक्षराचं मलाच कौतुक. मग लक्षात आलं की जुने टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या कापतात, त्यात 'पंगत' अर्धी गेली. आणि यादीतून बाण हलवून निवडायचं कुणी? वहिनींना रिमोटवरचे बाण दिसतही नाहीत. यादी काढून टाकली. आता डिस्क आत गेली की आपोआप पहिला तुकडा सुरू होतो. पुढचा हवा तर एकच बटण. त्या बटणावर नातीने तिच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. हाताला लागतोही आणि दिसतोही.

भाषांतराला माझ्या लॅपटॉपला एकेका डिस्कसाठी साडेतीन तास लागले. ते झाल्यावर लगेच डिस्क कोरायची नाही. आधी तिची पूर्ण प्रत कॉम्प्युटरवरच एका फाइलीत करून व्हीएलसी प्लेअरवर बघून घ्यायची, म्हणजे चूक असली तर कोरी डिस्क वाया जात नाही. कोरताना वेग कमी ठेवायचा. मी चौपट वेगाने कोरली, सुमारे पंधरा मिनिटं लागली. जुन्या प्लेअरला अशी डिस्क वाचायला सोपी जाते असा अनुभव आहे. एकदा मध्येच वीज गेली तेव्हा रायटर बंद पडला आणि एक डिस्क फुकट गेली. तिच्यावर मी आता चहाचा कप ठेवते. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका, फिरताना तोल जातो. बॉलपेनही नको. डिस्कवर लिहायचं मऊ टोकाचं पेन मिळतं, त्याने वरच्या बाजूला लिहावं. मी मोठ्या अक्षरात फक्त '१' आणि '२' लिहिलं.

२०२४ च्या दिवाळीत अणुस्कुरा घाटातून एसटीने दोन्ही डिस्क घेऊन गेले. लावून दाखवल्या, आणि मग मुद्दाम सगळ्यांना घेऊन बाहेर अंगणात बसले. वहिनी आत एकट्या होत्या. काय बघितलं, किती वेळ बघितलं, मी विचारलं नाही.

त्यानंतर एकदा फोनवर त्यांनी आपणहून सांगितलं. दुसऱ्या डिस्कच्या शेवटी एक तुकडा आहे, चाळीस-पन्नास सेकंदांचा. कुणाच्या तरी हातून चुकून चालू राहिलेला. चित्रात नुसती सारवलेली जमीन आणि एक चप्पल. मागून दादांचा आवाज येतो, चष्मा कुठे ठेवलास म्हणून वहिनींना विचारतात, आणि वहिनी आतून ओरडून सांगतात, तुमच्या डोक्यावर आहे. मी तो तुकडा दोनदा काढला होता. निरुपयोगी म्हणून. शेवटी डिस्कवर जागा उरली म्हणून राहू दिला. वहिनी म्हणाल्या, "आरती काय वन्सं, सगळेच म्हणतात. मी ते चष्म्याचं लावते."

तेव्हापासून काय ठेवायचं आणि काय काढायचं याबाबत माझी मास्तरकी मी जरा आवरती घेतली आहे.

आता दुसरी बाजू. डीव्हीडीची एवढी तरफदारी केली, म्हणून कुणी सगळे व्हिडिओ डिस्कवर उतरवून मूळ फाइली पुसून टाकू नका. ही चूक मी स्वतः केलेली आहे. २००९ साली मी निवृत्त झाले तेव्हा शाळेने निरोप समारंभ केला. एका माजी विद्यार्थ्याने कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेटवर तो टिपला आणि मला डीव्हीडी करून दिली. "बाई, कॅसेट ठेवू का?" त्याने विचारलं होतं. मी म्हटलं, डीव्हीडी आहे की, कॅसेट तू पुन्हा वापर. डिस्क मी कपाटात वरच्या खणात ठेवली, पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत. सात वर्षांनी लावली तर पहिली वीस मिनिटं चालली आणि पुढे चित्र गोठलं. आमच्या मुख्याध्यापकांचं भाषण त्या गोठलेल्या भागात होतं. ते आता नाहीत. घरी कोरलेल्या डिस्कवरचा तो रंगाचा थर ऊन आणि उष्णतेने खराब होतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

जुन्या काळी घरात पोथी असायची तेव्हा मूळ पोथी रुमालात बांधून देवघरात असे आणि रोज वाचायला नक्कल असे. नक्कल फाटली तर दुसरी उतरवता येई. डीव्हीडी ही नक्कल समजावी. दादांच्या एक्केचाळीस मूळ फाइली मी दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवल्या आहेत, एक माझ्याकडे, एक डोंबिवलीला पुतण्याकडे. वहिनींची तबकडी घासून गेली की मी दुसरी कोरून पाठवते. आतापर्यंत '२' नंबरची तीनदा पाठवली, '१' नंबरची एकदाही नाही.

हे किती दिवस चालेल? फार नाही, हे मलाही दिसतं. आपल्याकडे २००६-०७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने चौतीस रुपयांत सिनेमाची डीव्हीडी विकायला काढली तेव्हा घराघरात प्लेअर आले. त्याच कंपनीचं २०१८ मध्ये दिवाळं निघालं. अमेरिकेत १९९८ पासून टपालाने डीव्हीडी पाठवणाऱ्या नेटफ्लिक्सने ती सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क आणि त्या छोट्या कॅमेरा कॅसेटचं उत्पादनही थांबवलं. कोऱ्या डीव्हीडी अजून मिळतात, पण काउंटरखालून, धूळ फुंकून. म्हणून दुकानदार म्हणाला तसा मी तो सगळाच डबा घेऊन आले. जुना प्लेअर बिघडला तर म्हणून शेजाऱ्यांचा माळ्यावरचा प्लेअरही मागून ठेवला आहे.

तुमच्या घरात जर असा प्लेअर असेल आणि तो चालवणारं कुणी म्हातारं माणूस असेल, तर पुढच्या सुट्टीत एक शनिवार काढा. तुमच्या फोनमध्ये त्यांच्या उपयोगाचं काय काय पडलंय ते बघा. फार निवडू नका. आणि घरात जुन्या डीव्हीडी असतील, लग्नाच्या, मुंजीच्या, निरोप समारंभाच्या, तर त्या आजच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. पहिल्या वीस मिनिटांत चालली म्हणून पुढेही चालेल असं समजू नका.

डब्यात अजून सदतीस डिस्क आहेत. वहिनींना पुरतील.